पगारातले दोनशे आणि रात्रीचा राखणदार

गेल्या महिन्यात या सदरात बजेटवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की लिबर्टेरियन म्हणवणारी, म्हणजे सरकार जेवढं कमी तेवढं बरं मानणारी, एक मंडळी आहे आणि त्यांच्या मते कर म्हणजे कायद्याच्या आडून केलेली चोरीच. एवढ्यावर मेलबॉक्स भरला. निम्म्यांनी लिहिलं एकदम करेक्ट बोललात, उरलेल्यांनी मला भांडवलदारांचा माणूस करून टाकलं. अहो, ते मत माझं नव्हतं, मी फक्त सांगितलं होतं. मी तालुक्याच्या गावात बसून लोकांची रिटर्न भरणारा माणूस, कर बंद झाला तर पहिली चूल माझीच विझेल, त्यामुळे या विषयात मी तटस्थ आहे असं समजू नका. आलेल्या पत्रांपैकी सात घेतलीत, थोडी कापून.

प्रश्न (एक पगारदार, पिंपरी-चिंचवड): हे लिबर्टेरियन म्हणजे उजवे की डावे? आणि माझ्या पगारातून दर महिन्याला पीटी म्हणून २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. एचआरला विचारलं कसला कर तर तिलाही सांगता येईना. हीच का ती चोरी?

उत्तर: उजवं-डावं सोडा, त्यांना त्या मापाने मोजता येत नाही, कारण बाजारात सरकार नको म्हणतात तसंच तुमच्या बेडरूममध्ये आणि ताटातही नको म्हणतात. त्यांच्यातला सगळ्यात टोकदार युक्तिवाद रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये मांडला. तो म्हणतो, तुम्ही महिन्यात २०० तास काम केलं आणि त्यातल्या ४० तासांची कमाई सरकारने कापली, तर ते ४० तास तुम्ही कुणासाठी राबलात? तुम्हाला न विचारता कुणी ४० तास राबवून घेतलं तर आपण त्याला वेठबिगारी म्हणतो, मग पैसे कापले की ती वेठबिगारी का नाही? याला चटकन उत्तर सुचत नाही, माझ्या ओळखीच्या भल्याभल्यांची बोलती या प्रश्नावर बंद झालीये. नोझिकच्या मते सरकारचं काम रात्रीच्या राखणदाराचं. चोर येऊ नये, कुणी कुणाला मारू नये, दिलेला शब्द पाळला जावा. बस्स. त्यापुढे एक रुपया घेतला तर तो जबरदस्तीचा. मरे रॉथबार्ड नावाचा दुसरा एक होता, तो तर राखणदारही नको म्हणायचा, पण त्याच्या नादी आज नको लागायला.

आता तुमचे २०० रुपये. पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपल्याकडे व्यवसाय कर म्हणतात, महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. हा कर आला रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत घरोघरी, खडी फोडायची कामं, सुकडी, पाझर तलाव. वि. स. पागे यांची ती कल्पना, की काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्याचा पैसा कुठून तर शहरात ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो त्यांच्याकडून थोडा थोडा घ्यायचा. म्हणजे तुमची स्लिप आणि कुठल्यातरी गावच्या बांधबंदिस्तीवरचं हजेरीपत्रक यांचं थेट नातं होतं. नोझिकला विचाराल तर तो म्हणेल, ही वेठबिगारीच. खडी फोडून संध्याकाळी घरात ज्वारी आणणाऱ्या बाईला विचाराल तर ती काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा. मला तर हा कर आवडतो, कारण घेताना सांगितलं होतं कशासाठी घेतोय. पुढे ते सांगणं बंद झालं आणि आता एचआरलाही माहीत नाही, दुखणं खरं तिथे आहे.

आणि या करात लिबर्टेरियन लोकांचं एक स्वप्न आधीच खरं झालेलं आहे, ते कुणाच्या लक्षात येत नाही. ते नेहमी म्हणतात सरकारवर घटनेनेच लगाम घाला, इतक्यावर कर लावायचाच नाही म्हणून. आपल्या घटनेच्या कलम २७६ मध्ये बरोबर तसाच लगाम आहे, या कराची वरची मर्यादा वर्षाला २५०० रुपये. आधी २५० होती, १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून २५०० केली आणि तेव्हापासून हललेली नाही. २०० गुणिले ११ अधिक ३००, झाले २५००, फेब्रुवारीचं कोडं एवढंच. १९८८ मध्ये २५०० म्हणजे बऱ्यापैकी रक्कम होती, आज तेवढ्यात चार माणसांचं हॉटेलचं बिल होतं. कुठल्या आंदोलनाशिवाय, नुसत्या महागाईने हा कर वाळत चाललाय.

प्रश्न (एक व्यापारी, जळगाव): कर आम्ही भरायचा आणि सरकारने लाडकी बहीण म्हणून वाटायचा. लिबर्टेरियन लोक याला विरोधच करत असतील ना? मग आपल्याकडे त्यांचं कुणी ऐकत का नाही?

उत्तर: शेठ, विरोध करतील, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. मिल्टन फ्रीडमन, म्हणजे या पंथातलं सगळ्यात मोठं नाव, याने १९६२ मध्येच उणे आयकर सुचवला होता. ठरावीक रकमेच्या वर कमवाल तर कर भरा, खाली असाल तर सरकार तुम्हाला रोख देईल. का, तर वाटायचंच असेल तर रोख वाटा, मध्ये खाती-महामंडळं-अधिकारी नकोत. जुन्या पद्धतीत काय व्हायचं ते आठवा, शिलाई मशीन वाटप, त्याचं टेंडर, त्याचा ठेकेदार, त्याचं उद्घाटन, आणि मशीन घरात आल्यावर तिची सुई हरवलेली. त्यापेक्षा १५०० रुपये सरळ खात्यात आले तर बाई स्वतः ठरवेल फी भरायची का औषध आणायचं. हा मुद्दा पक्का लिबर्टेरियन आहे. त्यांचा आक्षेप पुढचा आहे, की फ्रीडमनला जुन्या योजना बंद करून त्यांच्या जागी रोख हवी होती, आपण जुन्या सगळ्या ठेवल्या आणि वर ही आणली, तीही निवडणुकीच्या चार महिने आधी. योजना जुलै २०२४ ची, मतदान नोव्हेंबर २०२४. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटात एकट्या या योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते आणि त्याच बजेटात राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर दाखवलंय.

पण तुमच्या वाक्यातला एक शब्द मला टोचला, "आम्ही". कर आम्ही भरायचा म्हणता तेव्हा तुम्हाला आयकर म्हणायचाय. ती बहीण किराणा घेते तेव्हा साबणावर, बिस्किटावर, तेलावर जीएसटी भरतेच की. साबण-बिस्किटावर तर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ वर आलाय. एसटी डिझेलवर चालते, त्यातला कर तिकिटात येतो. भारतात कर न भरणारा माणूस दाखवा, मी माझी फी सोडून देईन.

दुसरं म्हणजे वाटपाकडे बोट दाखवताना व्याजाकडे बघा. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात रुपया कसा येतो-जातो ते गोल चित्र असतं ना, त्यात सबसिड्या ६ पैसे आणि व्याज २० पैसे. आणि येणाऱ्या रुपयात २४ पैसे उधारीचे. म्हणजे घर चालवायला २४ पैसे उसने आणायचे आणि त्यातले २० जुन्या सावकाराला द्यायचे, हे तुमच्या दुकानात झालं असतं तर तुमच्या वडिलांनी काय केलं असतं ते मला सांगायला नको. फ्रीडमन हेच डोकं आपटून सांगायचा, की करावर नका भांडू, खर्चावर भांडा, आज जो खर्च कर न लावता केला तो उद्याचा कर आहे किंवा महागाई आहे, तिसरा रस्ता नाही.

याच फ्रीडमनची आणखी एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या अर्थखात्यात होता आणि पगारातूनच कर कापून घ्यायची पद्धत बसवण्यात, म्हणजे आपला टीडीएस समजा, त्याचा हात होता. १९४३ मध्ये ती लागू झाली. नंतर जन्मभर त्याला ते खटकत राहिलं, कारण कापून आलेला पगार हाच आपला पगार असं माणसाला वाटायला लागतं आणि गेलेलं जाणवत नाही.

प्रश्न (कांदा उत्पादक, येवला तालुका): आम्हा शेतकऱ्यांना आयकर नाही म्हणून शहरवाले टोमणे मारतात. सर खरं सांगा, आम्ही करमुक्त आहोत का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मी इतर पत्रं बाजूला ठेवली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरं. आता माझ्याबरोबर तारखा बघा. १९ ऑगस्ट २०२३, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर अखेर टनाला किमान ८०० डॉलर भावाची अट. ८ डिसेंबर २०२३, निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं आणि ५५० डॉलरची अट राहिली. १३ सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिने तुमच्या मालाला बाहेरच्या गिऱ्हाईकापर्यंत पोचूच दिलं नाही किंवा पोचताना खिसा कापला. बंदीच्या आदल्या दिवशीचा लिलाव आणि नंतरचा लिलाव यातला क्विंटलमागचा फरक तुम्ही पट्टीवर लिहून ठेवलाच असेल. तो फरक म्हणजे कर. फक्त तो सरकारच्या तिजोरीत गेला नाही, शहरातल्या स्वयंपाकघरात गेला, आणि कुठल्याच बजेटात त्याची नोंद नाही. आयकर नाही म्हणून टोमणा मारणाऱ्याने त्या वीस महिन्यांत खाल्लेल्या भजीचा हिशोब करावा.

हे मी नवीन काही सांगत नाहीये, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाळीस वर्षांपूर्वी आंबेठाणच्या माळावरून हेच सांगितलं. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आलेला माणूस, चाकणच्या बाजारात स्वतःचा कांदा विकायला गेला आणि त्याला कळलं की शेतकऱ्याला सबसिडी मिळत नाही, उलटी पट्टी लागते, उणे सबसिडी, म्हणजे सरकार द्यायच्या ऐवजी भाव पाडून काढूनच घेतं. "सूट सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम" ही घोषणा ऐका परत, जगातल्या दुसऱ्या कुठल्या शेतकरी आंदोलनाने सबसिडी नको म्हणून घोषणा दिल्यात? विदर्भातल्या वाचकांना कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल, १९७२ पासूनची. कापूस विकायचा तर सरकारच्या पणन महासंघालाच, पलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात भाव जास्त असला तरी गाडी नेली की गुन्हा. स्वतःच्या शेतातला स्वतःचा कापूस, आणि नेणारा चोर ठरायचा.

लिबर्टेरियन लोकांचं मला सगळ्यात पटतं ते इथे. सरकार केवढं आहे हे फक्त बजेटच्या आकड्यावरून कळत नाही. एक अधिसूचना, दीड पानाची, तिला खर्च शून्य, कर शून्य, आणि लाखो घरांचं वर्षाचं गणित फिरतं. बजेट अधिवेशन महिनाभर चालतं, त्यावर टीव्हीवाले दिवसभर बसतात, अधिसूचना रात्री वेबसाइटवर पडते.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक): भारतात लोक कराबद्दल रडतात, इकडे येऊन आमचा प्रॉपर्टी टॅक्स बघा म्हणावं. दर तिमाहीला पोटात गोळा येतो. तुमच्या लिबर्टेरियन मंडळींचं यावर काय म्हणणं?

उत्तर: न्यू जर्सीचा घरपट्टीत अमेरिकेत वरचा नंबर आहे हे ऐकून होतो, सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेलंय म्हणे, गोळा येणारच. पण साहेब, त्यातला साधारण निम्मा भाग तुमच्या गावच्या शाळांना जातो आणि तुम्ही तिथे घर घेतलंत ते शाळा बघूनच घेतलंत, बरोबर का? नाही परवडलं तर शेजारच्या टाउनमध्ये जाता येतं. कर एकाच्या हातात नको, गावागावात वाटलेला हवा, म्हणजे लोक पायाने मत देतात, हा लिबर्टेरियन मंडळींचा आवडता मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी तर १९७८ मध्ये मतदान घेऊन घरपट्टी १ टक्क्यावर बांधून टाकली आणि वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त मूल्यांकन वाढवायचं नाही म्हणून ठरवलं. परिणाम असा, की एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांपैकी जुना मालक थोडासा भरतो आणि कालच घर घेतलेलं जोडपं त्याच्या कितीतरी पट भरतं. बांधून टाकलं की एका बाजूने फुगतंच.

आमच्याकडे उलटं. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत शंभर रुपये वाढवले तर ग्रामसभेत खुर्च्या उडतात, आणि तोच माणूस पंपावर गाडीची टाकी भरताना एक शब्द बोलत नाही. महाराष्ट्राचा पेट्रोलवरचा व्हॅट २०२४ च्या जुलैपासून २५ टक्के, आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, केंद्राचं वेगळंच. २०१५ मध्ये दुष्काळ म्हणून लिटरला २ रुपये वाढवले होते, पाच महिन्यांसाठी. दुष्काळ गेला, लिटरमागचा अधिभार कधी कमी कधी जास्त होत या ना त्या रूपात राहिला. जो कर हातात पावती देऊन घेतात त्याच्यावर भांडण होतं, जो किमतीत मिसळून घेतात तो गोड लागतो.

जकातीचंही असंच. मी लहान असताना मामाच्या ट्रकवर बसून एका शहराच्या नाक्यावर रात्रीचे चार तास काढलेत. पुढे पन्नास ट्रक, मागे पन्नास, नाक्यावरचा माणूस लोखंडी गज घेऊन ताडपत्री उचकटून पोत्यात खुपसायचा, आत सांगितलंय तेच आहे का बघायला. मामा एक बिडी त्याला द्यायचा आणि बिडीबरोबर आणखी काहीतरी. गेली जकात, मुंबईतली शेवटी १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, कुणालाही तिचं दुःख नाही, मलाही नाही. फक्त एवढं झालं, की ज्या महापालिका स्वतः कमवायच्या त्या आता राज्याकडून हप्ता कधी येतो याची वाट बघत बसतात. कर कमी झाला, सरकार लहान झालं असं मात्र म्हणता येत नाही, ते फक्त लांब गेलं.

प्रश्न (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर): अर्जेंटिनात हाविएर मिले करवत घेऊन प्रचार करत होते. लिबर्टेरियन प्रयोग म्हणून तो यशस्वी म्हणायचा का? परीक्षेत येईल असं वाटतं.

उत्तर: बाळ, परीक्षेसाठी आकडे घे. १० डिसेंबर २०२३ ला सत्तेवर. १८ मंत्रालयांची ९ केली. सरकारी बांधकामं जवळपास थांबवली, अनुदानं कापली. त्या डिसेंबरात एका महिन्याची महागाई २५.५ टक्के होती, हो, महिन्याची, वर्षभराने ती महिन्याला २.७ वर आली. २०२४ मध्ये सरकारचा जमाखर्च शिलकीत, असं तिकडे दशकाहून जास्त काळात झालं नव्हतं. दुसरी बाजू, २०२४ च्या पहिल्या सहामाहीत गरिबी ५२.९ टक्क्यांवर गेली, दुसऱ्या सहामाहीत ३८.१ वर उतरली. दोन्ही आकडे लिही, एकच लिहिणारे भरपूर आहेत.

परीक्षेत नाही आलं तरी लक्षात ठेवण्यासारखं वेगळंच आहे. या माणसाच्या कुत्र्यांपैकी दोघांची नावं मिल्टन आणि मरे, म्हणजे फ्रीडमन आणि रॉथबार्डवरून, कर म्हणजे चोरी हे तो जाहीर बोलतो, आणि आल्या आल्या त्याने आयातीच्या परकीय चलनावरचा एक कर साडेसातवरून साडेसतरा टक्के केला. वर्षभराने तो कर संपला हेही खरं. सोयाबीनच्या निर्यातीवर तिकडे ३३ टक्के शुल्क होतं, ते त्याने आधी २६ वर आणि डिसेंबर २०२५ मध्ये २४ वर आणलं, कायमचं शून्य नाही केलं. येवल्याच्या दादांना हे वाचून बरं वाटेल की वाईट, माहीत नाही. आणि मुलांसाठीचा भत्ता कापायच्या ऐवजी त्याने वाढवला. करवत स्टेजवर एक असते, खुर्चीत बसल्यावर झाडावर कोण बसलंय ते बघून चालवावी लागते.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, सांगली): आपल्या देशात असा विचार कधी नव्हताच का? आमच्या तरुणपणी तर सगळे पक्ष समाजवादीच होते.

उत्तर: होता गुरुजी. १९५५ मध्ये फ्रीडमन काही आठवडे दिल्लीत येऊन गेला, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या खात्याचा सल्लागार म्हणून. हो तेच सी. डी., रायगडजवळच्या नाते गावचे, पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे. त्याच साली प्रा. बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर एकट्याने विरोधी टिपण लिहिलं. दोघांचंही कुणी ऐकलं नाही. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, परमिट-लायसन्स राज हा शब्द त्यांचा, १९६७ ला लोकसभेत ४४ जागा आल्या होत्या. आणि तुमच्या तरुणपणी १९७३-७४ मध्ये आयकराचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता, शंभरातले सव्वादोन रुपये हातात. माझे गुरू सांगायचे, त्या काळात हुशार कारकून पगारवाढ नको म्हणायचे, ते थोडं वाढवून सांगत असावेत. कायदेपंडित नानी पालखीवाला बजेटवर बोलायचे तेव्हा मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं, क्रिकेट नसताना.

पण खरी मजा पुढे आहे. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ प्रमाणे भारतात पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे सरकार लहान करा म्हणणारा पक्ष काढायचा तर आधी समाजवादी आहे असं सही करून द्या. स्वतंत्र पक्षाच्या जुन्या लोकांनी मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध अर्ज केला होता १९९६ मध्ये. शरद जोशी स्वतंत्र भारत पक्ष काढून राज्यसभेत गेले, तिथेही ते बहुतेक वेळा एकटेच होते.

प्रश्न (एक शेतकरी, बार्शी तालुका): सरकार लहान पाहिजे असं हे लोक म्हणतात. माझा बांधाचा दावा सतरा वर्षं चालू आहे. मोजणी दोनदा झाली, तिसऱ्यांदा फी भरली. वकील म्हणतात जज्ज बदलले, परत पहिल्यापासून. सरकार अजून लहान झालं तर माझं काय होईल?

उत्तर: तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण वरच्या सगळ्या शहाणपणावर ते भारी आहे. बघा, नोझिकचा तो रात्रीचा राखणदार, त्याची कामं तीनच, पोलीस, कोर्ट आणि सैन्य. म्हणजे ज्यांना सरकार जवळजवळ नकोच आहे त्यांच्याही यादीत तुमचा बांध आहे. तुमची जमीन कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते हे झटपट सांगणारा माणूस, हे सरकारचं पहिलं काम, शाळा-दवाखाने-लाडकी बहीण नंतर. आणि नेमकं तेच आपल्याकडे नाही. विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश करा, आज काम करणारे पंधराच्या आसपास आहेत. देशभर ५ कोटींच्या वर दावे पडून आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा पक्षकार कोण, तर सरकारच.

त्यामुळे मला आपल्या लिबर्टेरियन मित्रांशी भांडायचं असतं ते या जागेवर. ते म्हणतात सरकार फार जाड झालंय, बारीक करा. मी म्हणतो तुमच्याच यादीने मोजा की. कांद्याच्या बाजारात चार-चार माणसं उभी आहेत, कापसाच्या गाडीला आडवी येत होती, आणि बांधावर कुणीच नाही. एकीकडचा माणूस उचलून दुसरीकडे ठेवायचा आहे, आणि बांधावरच्या माणसाला पगार द्यायला कर लागणारच, चोरी म्हणा नाहीतर वर्गणी. त्यांच्यातले जे प्रामाणिक आहेत ते हे मान्य करतात, तेवढ्यापुरता कर ठीक म्हणतात. जे नाही करत त्यांना तुमचा दावा वाचायला पाठवतो.

बाकी कायद्याचं म्हणाल तर मी कराचा माणूस, दिवाणी नाही. पण जज्ज बदलले म्हणून सगळं पहिल्यापासून होत नसतं, आधी झालेल्या साक्षी नवीन न्यायाधीशांना वापरता येतात, वकिलांना एवढं नक्की विचारा. दोन्ही मोजणीचे नकाशे दाव्यात दाखल झालेत का तेही बघा, कित्येकदा ते पिशवीतच राहतात. आणि पुढची तारीख कधीची पडलीये ते कळवा, जवळ असेल तर मी येतो, बार्शीत माझी दोन रिटर्न तशीही राहिलीयेत.